मेक्सिको व्हाया शेंद्रा

टाको म्हणजे मॉल, नाचोज म्हणजे मल्टिप्लेक्स... आपलं मेक्सिको इथंच संपतं. पण मेक्सिकोतल्या साध्या घरात रोज काय शिजतं? जालना रोडवरच्या एका बॅचलर किचनमध्ये तीन महिने चाललेल्या प्रयोगाची ही गोष्ट.

सुरुवात झाली ती एका मेडिकल रिपोर्टनं.

आम्ही तिघं शेंद्र्याला राहतो. एमआयडीसीला लागून, कुंभेफळच्या बाजूला एक रो-हाऊस भाड्यानं घेतलंय. माझे दोन्ही रूममेट कंपनीत, शिफ्टवाले. मी फ्रीलान्स लिहितो, म्हणजे दिवसभर घरी. त्यांच्या भाषेत 'रिकामा'. ऑगस्टमध्ये एकाच्या कंपनीत वार्षिक तपासणी झाली. वय २९, वजन बरं, जिमचे फोटो नियमित. आणि रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ६.३! ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर. एक पाऊल आत टाकलं की झालं.

त्या रात्री तो गच्चीवर बसून राहिला. जेवला नाही. मी ताट घेऊन वर गेलो तेव्हा म्हणाला, 'पप्पांचा पायाचा अंगठा काढलाय रे. शुगरनं.' तीन वर्षं एका घरात राहतोय आम्ही. हे मला त्या रात्री कळलं.

आता आमचा मेन्यू सांगतो, म्हणजे रिपोर्ट ६.३ का आला ते वेगळं सांगायला नको. दुपारी मेसचा डबा : चार पोळ्या, बटाट्याची कुठली तरी भाजी, पातळ वरण, भाताचा डोंगर. सेकंड शिफ्ट असेल तर मध्ये वडापाव आणि कोल्ड्रिंक. रात्री अकराला घरी आलं की मोबाईलवरून ऑर्डर. रविवारी पिझ्झा, आणि सोबत 'काहीतरी मेक्सिकन'. तुमचंही फार वेगळं नसेल, खरं सांगा!

डॉक्टरांनी साधंच सांगितलं होतं. घरचं जेवा, भाज्या आणि उसळी वाढवा, पोळी-भात मोजून घ्या, कोल्ड्रिंक बंद. साहेबांची मात्र अट. 'रोज वरण-भाजी माझ्याच्यानं होणार नाही. नाचो-बिचो असलं काही असेल तर बोल.'

मी म्हटलं, डन. मेक्सिकन तर मेक्सिकन. पण घरचं. आणि सामान बाजारातून आणायचं, अॅपवरून नाही.

आधी एक कबुली

मी मेक्सिकोला गेलेलो नाही. माझी गुरू यूट्यूबवरची एक आजी आहे. दोन्या आन्खेला. मिचोआकान राज्यातल्या खेड्यात राहते, २०१९ मध्ये तिच्या लेकीनं तिचे स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि बघता बघता लाखो लोक तिचे फॅन झाले. मातीची चूल, त्यावर भलामोठा तवा, बाजूला दगडी पाटा. स्पॅनिश एक अक्षर कळत नाही मला. पण पहिला व्हिडिओ बघताना वाटलं, ही बाई करमाडची असती तरी चाललं असतं.

आणि पहिला धक्का तिथंच बसला. तिच्या स्वयंपाकघरात नाचोज नाहीतच! नाचोज हा १९४०च्या दशकात अमेरिकेच्या सीमेवरच्या एका हॉटेलात जमवलेला पदार्थ. कडक, घडी घातलेला टाको अमेरिकेनं लोकप्रिय केलेला. ते पिवळंजर्द चीजही तिकडचंच. मेक्सिकोतल्या घरात दुपारी दोन-चारच्या दरम्यान मुख्य जेवण होतं. वाटीभर सूप, थोडा भात, 'गिसादो' म्हणजे रस्सा भाजी किंवा मटण-चिकनचा रस्सा, उकडलेला राजमा, मिरची-टोमॅटोची चटणी आणि कपड्यात गुंडाळलेल्या गरम गरम तोर्तिया, म्हणजे मक्याच्या छोट्या भाकऱ्या. ऑफिसवाल्यांसाठी हेच जेवण 'फोंदा'मध्ये मिळतं. फोंदा म्हणजे काय? अहो, खानावळ!

रूममेटचा चेहरा पडला. 'म्हणजे हे वरण-भाजीच झालं की.'

हो. पण आता शब्द दिलेला होता.

पिशवीतला मेक्सिको

पहिली खरेदी करमाडच्या आठवडी बाजारात केली. शेंद्र्यापासून जालन्याच्या दिशेनं बाईकवर काही मिनिटं. मेक्सिकोतही असाच बाजार भरतो, त्याला म्हणतात 'तियांगीस'. शब्द स्पॅनिश नाही, नाहुआत्ल भाषेतला आहे. म्हणजे १५१९ मध्ये स्पॅनिश लोक उतरले त्याच्याही आधीपासूनचा. मेक्सिको सिटीसारख्या अवाढव्य शहरातही हा बाजार आज या कॉलनीत, उद्या त्या कॉलनीत असा फिरतो, जसा आपल्याकडे गुरुवारी छावणी आणि रविवारी जाफरगेट. रस्त्यावर ताडपत्र्या ताणायच्या, दिवस मावळायच्या आत आवरून निघायचं. गिऱ्हाइकाला हाक मारायची 'ग्वेरिता', म्हणजे 'ए गोरे'! रंग कुठलाही असो. पाव किलोचा हिशोब तिकडेही चालतो. बायकांच्या हातात प्लास्टिकच्या विणलेल्या, रंगीत चौकड्यांच्या पिशव्या. आमच्या आईकडे अगदी तश्शीच होती.

आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे 'पिलोन'. माल मोजून झाल्यावर विकणारी बाई वरून दोन टोमॅटो, चार मिरच्या टाकते, त्याला हे खास नाव आहे. आपल्याकडे नाव नाही, पण हक्क आहे. मी पण हक्कानं म्हटलं, 'मावशी, थोडी कोथिंबीर टाका ना वरून.'

मावशींनी माझ्याकडे वर-खाली बघितलं. 'बायको नाही का आली?'

'नाही मावशी. लग्न नाही झालं.'

'मंग सैपाक कोन करतं?'

'मीच.'

दोन रुपयांच्या कोथिंबिरीची जुडी निम्मी माझ्या पिशवीत पडली. वर एक लिंबू. समोरच्या पाटीला क्यूआर कोड लटकत होता, पण पिलोन काही त्यात मोजता येत नाही.

घरी येऊन पिशवी ओट्यावर ओतली आणि गंमत लक्षात आली. टोमॅटो, मिरची, लाल भोपळा, पेरू, पपई, राजगिरा, श्रावणघेवडा... यातलं एकही आपलं नाही! सगळं मेक्सिको आणि आसपासच्या अमेरिकेतलं, पोर्तुगीज-स्पॅनिश जहाजांतून आलेलं. 'टोमॅटो' हा शब्दच नाहुआत्ल 'तोमात्ल'वरून आलाय. 'चिकू' पण तिकडचाच, फळासकट नाव घेऊन आला. दौलताबादचं सीताफळ, ज्याच्यावर आम्ही संभाजीनगरवाले (औरंगाबादवाले म्हणा, सवय जात नाही) एवढा जीव टाकतो, त्याचंही मूळ अमेरिका खंडात. दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला पितरांच्या आठवणीत मांडतात. उपासाची राजगिरा चिक्की तिकडे 'आलेग्रिया' म्हणून रस्त्यावर विकतात. आलेग्रिया म्हणजे आनंद. उलट कांदा, लसूण, जिरं, लिंबू, आणि ती फुकटातली कोथिंबीर आपल्या बाजूच्या जगातून तिकडे गेलेली. चिंच सुद्धा. तिचं सरबत मेक्सिकोत घरोघरी.

म्हणजे 'मेक्सिकन इन्ग्रेडियन्ट्स' म्हणून सुपरमार्केटच्या त्या एका महागड्या रॅकसमोर उभं राहायची गरजच नव्हती. अव्होकॅडोचा भाव विचारला आणि नमस्कार करून निघालो. काळा राजमा मिळाला नाही, लाल घेतला, जात एकच. तिकडच्या सुक्या ग्वाहियो मिरचीऐवजी मोंढ्यातून बेडगी आणली : रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. त्यांच्या ताज्या चीजऐवजी पनीर. भाजीत घोळ मिळाली, शेतात आपोआप उगवणारी, आंबटसर. मेक्सिकोत हीच भाजी 'बेर्दोलागास' नावानं हिरव्या चटणीच्या रश्श्यात शिजते. आपल्याकडे ती आणि तिची धाकटी बहीण चिवळ घेणारे आता बहुतेक साठीच्या पुढचेच दिसतात.

पहिल्या आठवड्यात मी फक्त तीन गोष्टी केल्या. राजमा रात्रभर भिजवून कांदा, लसूण, मीठ घालून नुसता मऊ शिजवायचा, फोडणी नाही. टोमॅटो, लसूण आणि मिरच्या तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजून खलबत्त्यात ठेचायच्या. (मिक्सर नको. फेस होतो. आजीचा दगडी खल म्हणजे 'मोल्काहेते', माझा अॅल्युमिनियमचा, चालतं.) आणि एखादी रस्सा भाजी, कधी भोपळ्याची, कधी घोळीची, रविवारी चिकन. शेंगदाणे, तीळ, सुकी मिरची, लसूण तेलात परतून भरड कुटायची, त्याला 'साल्सा माचा' म्हणतात. रूममेटनं एक घास घेतला आणि म्हणाला, 'ही तर आमच्या आजीची शेंगदाण्याची चटणी, तेल जास्त झालंय फक्त.'

चुना, मका आणि माझी फजिती

गाडी अडली ती तोर्तियावर. पोळीबरोबर राजमा खाऊन डॉक्टरांचं गणित जुळत नव्हतं, आणि चव तर त्याहून नाही.

आमच्या जिल्ह्यात मक्याला तोटा नाही. पावसाळ्यात सिल्लोड-कन्नडकडे निघा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका. पण घरात तो फक्त भाजलेलं कणीस म्हणून येतो. बाकी सगळा कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चला आणि हल्ली इथेनॉलला. ऑक्टोबरमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडून पाच किलो नवा, स्वच्छ मका आणला. (बियाण्याच्या दुकानातला आणू नका हं, त्याला औषध चोळलेलं असतं.)

मेक्सिकन लोक मका थेट दळत नाहीत. त्याला 'निश्तामाल' करतात. एक किलो मका, तीन लिटर पाणी आणि दहा ग्रॅम खायचा चुना. पाऊण तास मंद उकळायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी चोळून चोळून धुवायचं. साल सुटते, दाणा मऊ होतो, पीठ चिकट होतं आणि मुख्य म्हणजे मक्यातलं नायसिन जीवनसत्त्व अंगी लागतं. ही युक्ती तिथल्या बायकांना हजारो वर्षांपासून माहीत होती. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण ही कृती नेली नाही. मग नुसत्या मक्यावर जगणाऱ्या इटली-स्पेनमधल्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, माणूस भ्रमिष्ट व्हायचा. धान्य नेलं आणि स्वयंपाकघर विसरलं, त्याची ही किंमत.

माझी किंमत एवढी मोठी नव्हती. फक्त मिक्सर जळाला.

आपला पिवळा हायब्रीड मका भलताच कडक. तासभर उकळला तरी साल निघेना. शेवटी वाटलं गेलं ते पीठ कमी आणि ओला भुसा जास्त. थापायला गेलो की भेगा, उचलायला गेलो की तुकडे. किचनमध्ये चुन्याचा वास, तिसऱ्या रूममेटचं 'पनीर टिक्का मागवू का?' आणि त्यात दारात शेजारच्या काकू.

'काय करू राहिला रे हे? चुन्यात मका? कोंबड्यालाबी कुणी घालत नाही असं!'

काकू मूळच्या शेंद्र्याच्या. मांगीरबाबाच्या चैत्रातल्या यात्रेला त्यांच्या घरी अजून पन्नास पाहुणे असतात. मी लॅपटॉपवर दोन्या आन्खेला लावून दिली. काकूंनी उभ्या उभ्या सहा मिनिटांचा व्हिडिओ बघितला. एक शब्द बोलल्या नाहीत. मग पदर खोचला, माझा गोळा पुन्हा मळला, जास्तीचं पाणी सुकं पीठ लावून आवरलं, दुधाची रिकामी पिशवी कापून दोन तुकडे केले, त्यात लिंबाएवढा गोळा ठेवला आणि वरून पोळपाट दाबला. तव्यावर टाकली. उलटली. पुन्हा उलटली, कडेनं दोन बोटांनी हलकं दाबलं आणि... टम्म!

मेक्सिकोत मुलीची तोर्तिया फुगली की म्हणतात, आता तुझं लग्न करायला हरकत नाही. मी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, 'माझं चाळीस वर्षांखाली झालं.'

वर्ध्याचा माणूस आणि आपली पोळी

या मक्याच्या नादात एक असा मराठी माणूस सापडला की दोन दिवस लेखाचं काम बाजूला राहिलं. पांडुरंग सदाशिव खानखोजे. वर्ध्याचे. इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतले क्रांतिकारक. देश सुटला, अर्धं जग फिरले आणि १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले. तिथं चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी शाळेत प्राध्यापक झाले आणि आयुष्याची उमेदीची वर्षं मक्याच्या संशोधनात घातली, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचे मित्र. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराच्या एका म्युरलमध्ये टेबलाच्या मध्यभागी बसून भाकर मोडणारा माणूस आहे. ते आपले खानखोजे! १९६७ मध्ये नागपुरात वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये बसला. आपल्याकडे किती जणांना नाव माहीत आहे? मला नव्हतं. मास कॉमची डिग्री आहे माझ्याकडे.

आता पुढची गंमत बघा. चापिंगो आहे टेस्कोको भागात. त्याच भागात, एल बतानला, मका आणि गव्हाचं आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, १९६६ मध्ये स्थापन झालेलं. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत तयार केलेला बुटका गहू, लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४, याच काळात भारतात आला. १९६६ मध्ये एकदम १८ हजार टन बियाणं. हरितक्रांती म्हणतात ती हीच. देशाचं पोट भरलं, यात शंका नाही. पण रेशनवर स्वस्त गहू आला आणि मराठवाड्यातल्या ताटातली भाकरी हळूहळू सरकत सरकत ताटाबाहेर गेली. आमच्या मेसच्या डब्यातल्या त्या चार पोळ्यांचा पत्ता असा मेक्सिकोपर्यंत जातो.

काकूंकडे हीच गोष्ट आकड्यांशिवाय आहे. त्यांचं शेत औद्योगिक वसाहतीत गेलं. पैसे आले, घर झालं, दोन खोल्या भाड्यानं दिल्या, मुलगा कंपनीत लागला. तक्रार नाही त्यांची. 'पण पहिले घरात ज्वारीची पोती मोजायला लागत नव्हती. आता बाजारातून किलोनं आणतो. आनि आणतो तरी कुणासाठी? घरात शुगरवाल्याला भाकर, बाकीच्यांना पोळी.'

पथ्याचं खाणं झालीय ज्वारी. आणि महाग पण. २०२५-२६ चे हमीभाव बघा : मका क्विंटलला २४०० रुपये, गहू २४२५, मालदांडी ज्वारी ३७४९. गरिबाचं म्हणून ज्याला नाकं मुरडली ते धान्य आता मल्टिग्रेनच्या चकचकीत पाकिटात बसून आपल्याकडं बघतंय.

मेक्सिकोतही हे झालंय. जानेवारी २००७ मध्ये तोर्तियाचे भाव भडकले, एक कारण होतं अमेरिकेत इथेनॉलसाठी वाढलेली मक्याची मागणी. हजारो लोक मेक्सिको सिटीच्या रस्त्यावर उतरले. भाकरीसाठी मोर्चा! आपल्याकडे २०२३ नंतर इथेनॉलसाठी मका खपायला लागला, पण मोर्चा निघणार नाही. कारण आपण तो खातच नाही.

मग ठरला फॉर्म्युला

मका दर रविवारी उकळणं झेपेना, हे कबूल. रोजच्यासाठी आम्ही ज्वारीवर आलो. काकूंनी शिकवलं : कडक गरम पाणी, भरपूर मळणं, आणि 'मोबाईल बाजूला ठेव आधी'. पंधरा दिवस माझ्या भाकरीला नकाशे पडत होते. आता गोल येते, निदान गोलाकडे झुकते. मेक्सिकन रस्सा, भाजकी चटणी, राजमा आणि ज्वारीची भाकरी. तोर्तियाच्या मापाची, हाताएवढी, म्हणजे मोजता येते. दोन म्हणजे दोन. भाकरी म्हणजे काही हवा नाही, तिच्यातही पिष्ट असतंच, आणि 'शुगरला चालते' म्हणून पाच हाणल्या तर रिपोर्ट काय येणार? कंपनीच्या डॉक्टरांनी हे दोनदा बजावलं.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातून एकदा बाजार, रविवारी दोन तास : राजमा शिजवून फ्रीजमध्ये, चटण्या दोन, कांदा-लसूण सोललेला. रोज रात्री चाळीस मिनिटं. सेकंड शिफ्टवाला अकराला येतो तेव्हा भाकरी गरम मिळत नाही, कपड्यात गुंडाळलेली मिळते. कोल्ड्रिंकच्या जागी आधी लिंबू-पाणी. नोव्हेंबरात बाजारात लाल अंबाडीची बोंडं दिसली आणि मी अक्षरशः ओरडलो. मेक्सिकोत हीच बोंडं सुकवून उकळतात, गार करतात, 'आग्वा दे हामायका' म्हणून प्रत्येक खानावळीत मोठ्या बरणीत ठेवतात. माणकासारखा लाल रंग. बोंडं विकणाऱ्या आजींना सरबताचं सांगितलं तर म्हणाल्या, 'आम्ही चटणी करतो बाबा. पी तू.' तिकडे साखर ओततात, आम्ही चिमूटभर मीठ घातलं.

साखरेवरून आठवलं. मेक्सिकोचं घरगुती जेवण २०१० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत गेलं. आणि तोच देश कोल्ड्रिंक पिण्यात जगात सगळ्यात पुढच्यांपैकी, लठ्ठपणा आणि डायबिटीसनं हैराण. १ जानेवारी २०१४ पासून त्यांनी गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला, २०२० पासून पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले, मार्च २०२५ मध्ये शाळांमधून जंकफूड हद्दपार केलं. म्हणजे वारसा यादीत जाऊन ताट वाचत नाही. दोन्या आन्खेलाचे व्हिडिओ बघणारे लाखो लोक संध्याकाळी काय मागवत असतील, देव जाणे. मी पण त्यातलाच होतो.

सगळे दिवस असे गेले नाहीत, हेही लिहून टाकतो. तिसऱ्या रूममेटनं तीन आठवड्यांत माघार घेतली आणि मेसचा डबा पुन्हा सुरू केला. एकदा राजमा नासला. दोनदा मी डेडलाइनमध्ये अडकलो आणि गपचूप बिर्याणी मागवली. त्याला कळलंच, डबा कचऱ्यात वर होता.

नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा रक्त तपासलं. ५.९. अजून रेषेच्या अलीकडे नाही. डॉक्टर म्हणाले, दिशा बरोबर आहे, चालणं सोडू नका, तीन महिन्यांनी या. श्रेय एकट्या मेक्सिकोचं नाही. कोल्ड्रिंक बंद, रोज कंपनीच्या गेटापासून घरापर्यंत पायी, झोप जरा वेळेवर.

पण मला आठवतो तो दिवाळीतला फोन. तो गावी गेला होता, जालना जिल्ह्यात. पाडव्याच्या दुपारी व्हिडिओ कॉल. चुलीवर तवा, त्यावर टोमॅटो-मिरच्या भाजत ठेवलेल्या, आई बाजूला उभी राहून हसतेय, आणि हा खलबत्ता घेऊन खाली बसलेला. मग कॅमेरा वळला. वडील खुर्चीत, पाय पुढे केलेले, मांडीवर ताट. हातात भाकरीचा तुकडा.

'कसं झालंय काका?' मी विचारलं.

त्यांनी घास चावला. वेळ घेतला.

'चांगलं आहे. मिरची कमी आहे,' म्हणाले.

चौकट : शिळ्या भाकरीचे चिलाकिलेस

मेक्सिकोत शिळ्या तोर्तियांचे तुकडे तळून चटणीत घोळवतात, ते चिलाकिलेस. आपण त्याला कुटके म्हणतो. दोघांसाठी : काल रात्रीच्या दोन ज्वारीच्या भाकऱ्या तोडून, चमचाभर तेलावर मंद आचेवर कुरकुरीत करून घ्या. चार टोमॅटो, तीन लसूण पाकळ्या, दोन बेडगी आणि एक हिरवी मिरची तव्यावर भाजून ठेचा. (बेडगी जळू देऊ नका, कडू होते. भाजून गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की नीट ठेचली जाते.) कढईत चमचाभर तेलात ही चटणी परता, अर्धी वाटी पाणी आणि मीठ घाला, उकळी आली की भाकरीचे तुकडे टाका आणि गॅस बंद करा. वरून कच्चा कांदा, कुस्करलेलं पनीर, चमचाभर दही आणि ती फुकटातली कोथिंबीर. लगेच खा, पाच मिनिटांत मऊ पडतं. अंडं असेल तर वर एक हाफ-फ्राय.